न गाजलेलं गाणं

कानाची यंत्रं बसवून देणाऱ्या बाईंना गाजलेल्या गाण्यांचं वावडं होतं. त्यात रसिकता थोडी, धंदा जास्त. यंत्र नीट चालतंय का हे बघायला त्या पूर्वी सगळ्यांना पाठ असलेली गाणी लावायच्या, आणि गिऱ्हाईक डोळे मिटून "एकदम स्पष्ट" म्हणायचं. एकदा यंत्रात बॅटरी घालायचीच राहून गेली, तरी एका आजींनी गाण्याचं दुसरं कडवंसुद्धा म्हणून दाखवलं. तेव्हा बाईंच्या लक्षात आलं, की ओळखीचं गाणं माणूस कानाने ऐकतच नाही. ते आत आधीपासूनच चालू असतं.

तेव्हापासून बाई अनोळखी गाण्यांच्या मागे लागल्या. सकाळी चहाचा कप घेऊन बसायचं आणि इंटरनेटच्या पार तळाशी हात घालायचा. तिथे माणसं स्वयंपाकघरात गिटार घेऊन गातात आणि मागे गळणारा नळही रेकॉर्ड होतो. कुणी जुन्या लोकगीताच्या चालीवर काल पडलेलं स्वप्न सांगतं, कुणी टेप उलटी फिरवतं, कुणी ड्रमचा आवाज या कानातून त्या कानात फिरवून आणतं. याला सायकेडेलिक फोक म्हणतात हे बाईंना फार नंतर कळलं. तोवर त्यांना त्याची चटक लागून चुकली होती. मात्र त्यातलं एखादं गाजायला लागलं, की गाणाऱ्याच्या घरी आनंदीआनंद असेल तो असो, बाईंच्या हिशेबी ते गाणं गेलं.

अशा या दुकानात एका दुपारी सलूनवाले काका आणि त्यांची बायको आली. काका भिंतीवरचं कानाचं चित्र बघत उभे राहिले आणि काकूंनी काउंटरपाशी येऊन बाईंना सगळं सांगून टाकलं. बहिऱ्याच्या बायकोला प्रत्येक गोष्ट तीनतीनदा सांगावी लागते म्हणतात. यांना काही एकदाही परत सांगावं लागत नाही. काहीही सांगा, यांचं उत्तर तयार: हो का? छान, छान. आयुष्यभर कात्री चालवता चालवता गिऱ्हाइकांना हेच म्हणत आले, आता घरीही तेच. शनिवारी आपण एकट्याच बहिणीकडे राहायला जाणार, परत कधी येणार ते ठरलेलं नाही, हे काकूंनी त्यांना दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा छान, छान.

"बॅग भरलीय," काकू म्हणाल्या. "आज यंत्र घेतलं तर ठीक. नाहीतर रिकाम्या घराला छान, छान म्हणत बसतील." भाजीचा भाव सांगावा तशा त्या हे सांगत होत्या.

आत काकांनी तपासणीत बहार केली. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. काका दर वेळी बरोबर दाबत होते. विशीतल्या पोरालाही इतके गुण पडत नाहीत, म्हणून बाईंना संशय आला. समोरच्या खिडकीच्या काचेत बाईंचा आवाज सोडणारा हात दिसत होता. जन्मभर आरशात बघून काम केलेला माणूस. त्याला काच म्हणजे घरचीच. बाईंनी खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि गुण एकदम उतरले.

"कान ठीकच आहेत, मॅडम," काका म्हणाले. "जरा सर्दी आहे."

मग बाईंनी गाणं लावलं. आदल्याच दिवशी सापडलेलं. कुणा बाईने एकटीने गायलेलं, जगात चार वेळा ऐकलं गेलेलं, त्यातल्या तीन वेळा दुकानातल्या या बाईंनीच.

"काय म्हणतेय ती?" बाईंनी कानाशी येऊन विचारलं.

"प्रेमाचं आहे. तो सोडून गेला तिला."

अंदाज वाईट नव्हता. जगातली निम्मी गाणी या एका उत्तरात निघतात. काकू मात्र कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून आपल्या पर्सची चेन उघडत होत्या आणि लावत होत्या.

बाईंनी काकांच्या कानांत यंत्रं बसवली आणि तेच गाणं तेवढ्याच आवाजात पुन्हा लावलं. काकांची मान सवयीने डोलायला लागली, आणि मध्येच थांबली. त्यांनी एक यंत्र काढून धार गेलेल्या वस्तऱ्याकडे बघावं तसं त्याच्याकडे पाहिलं.

"हे खराब आहे. सूर आधी संपतोय आणि मग सुरू होतोय. सांडलेलं पाणी परत भांड्यात ओढून घ्यावं तसं. आणि ती म्हणतेय, विहिरीत दिवा सोडला, तो वर यायला विसरला. दिवा कसा विसरेल? मला काही कळलं नाही."

पर्सच्या चेनचा आवाज थांबला. हे शेवटचं वाक्य काकूंनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

बाईंनी सांगितलं, की यंत्र उत्तम आहे. गिटार मुद्दामच उलटी वाजवलेली आहे. असं करतात? करतात. का? ते बाईंनाही ठाऊक नव्हतं. काका म्हणाले, परत लावा. त्यांनी यंत्र पुन्हा कानात घातलं. तेवढ्यात काकू मागूनच, आवाज न चढवता म्हणाल्या, "मी शनिवारी बहिणीकडे राहायला चाललेय. परत कधी येईन, ठरलेलं नाही."

काकांनी काच शोधली नाही. खुर्चीच फिरवून ते बायकोकडे तोंड करून बसले.

"हे कधी सांगितलंस?"

"दोनदा."

"मी काय म्हणालो?"

"छान, छान."

मग काका म्हणाले, "सारखं काय? काय? विचारलं की लोक सांगणंच सोडून देतात, अगं. दुकानात बघितलंय मी."

"मी कुठे सोडलं होतं?"

"नाही सोडलंस," काका म्हणाले. "आता तिसऱ्यांदा सांग. का जातेयस, तिथपासून."

बाईंना बाहेरच्या खोलीत एकदम काम आठवलं. त्यांनी दार ओढून घेतलं.

काकू शनिवारी गेल्याच. भरलेली बॅग उपसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

काही आठवड्यांनी दुकानात एक निवृत्त पोस्टमन आला. बाईंनी यंत्र बसवून विहिरीतल्या दिव्याचं गाणं लावलं, तर तो पहिल्याच ओळीला मान डोलवून पुढची ओळ म्हणायला लागला. म्हणे, हे आमच्या सलूनवाल्यांचं. रोज चालू असतं. तिथे आता केस कापायला दुप्पट वेळ लागतो. गिऱ्हाईक काही बोललं की हे कात्री थांबवतात आणि विचारतात, "काय? परत सांगा."

"आणि काकू?" यंत्राची खात्री अजून व्हायची होती, म्हणून बाईंनी मोठ्याने विचारलं.

"आल्या की. हे रोज फोन करायचे आणि एकेक गोष्ट तीनतीनदा वदवून घ्यायचे. अर्धा दिवस त्यातच जायचा. म्हणाल्या, त्यापेक्षा घरी जाऊन सांगितलेलं बरं."

बाईंनी गाणं बंद केलं, आपल्या यादीतून काढून टाकलं, आणि पोस्टमनला जरा थांबायला सांगून दुसरं शोधायला बसल्या.