दिल्लीत नाव निघालेला साकव

मित्रांनो, मी एक जुना साकव आहे. जुना म्हणायचं खरं, पण माझ्या अंगात जुनं असं फारसं काही सापडायचं नाही. माडाची चार खोडं, त्यांवर आडवे टाकलेले बांबू, धरायला एका बाजूला कठडा आणि दोन्ही काठांना जांभ्या चिऱ्यांचे ओटे, एवढाच माझा संसार. खोडं कुजतात, बांबू मोडतात, बांधलेला काथ्या सडतो. सगळं बदलत जातं आणि तरी लोक म्हणतात, "आमच्या आज्याच्या वेळचा साकव हाय ह्यो." मीही तसंच समजतो.

रत्नागिरीपासून आत, जिथं एस.टी. वळून परत फिरते, तिथून पायवाटेनं डोंगर उतरलात की मी लागतो. माझ्याखालून एक पऱ्या वाहतो. डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्याला इकडे पऱ्या म्हणतात. उन्हाळ्यात तो इतका आटतो की कोंबडीची पिल्लंसुद्धा पाय न भिजवता पलीकडे जातात. आषाढात मात्र त्याच्या अंगात येतं आणि मग म्हैससुद्धा त्याच्या वाटेला जात नाही. पुढे नदीला मिळून तो भाट्याच्या खाडीला जातो म्हणे. मी काही पाहिलेलं नाही. माझा जन्म दोन काठांना धरून राहण्यात गेला. या काठाला खालची वाडी आणि पलीकडे वरची वाडी.

मला बांधायची एक रीत होती. रोहिणी नक्षत्र लागलं की दोन्ही वाड्यांतून घरटी एक माणूस यायचा. मे महिन्यात मुंबईहून आलेले चाकरमानीही परत जायच्या आधी हात लावून जायचे. ज्याचा माड म्हातारा झाला असेल तो माड द्यायचा. धाकू नावाचा म्हातारा गाठी मारायला बसायचा आणि दुसऱ्या कुणी मारलेली गाठ त्याला कधी पसंत पडायची नाही. सगळं झालं की नारळ ठेवून तो गाऱ्हाणं घालायचा. "पावसाचं चार म्हैने लेकराबाळांना सांबाळ रं महाराजा!" बाकीचे म्हणायचे, "होय महाराजा!" त्या दिवशी मला उगाचच देव झाल्यासारखं वाटायचं.

माझ्यावरून पुष्कळ पावलं गेली, पण मी ओळखायचो ती सावित्रीची. सावित्री खालच्या वाडीतली. तिचा नवरा फार लवकर गेला. एकुलती एक लेक तुळसा. मुलगी लग्नाची झाली तेव्हा मुंबईचं, चिपळुणाकडचं अशी चांगली चांगली स्थळं आली होती. सावित्रीनं सगळी मोडली आणि लेक दिली वरच्या वाडीत, सगुणाच्या मुलाला. लोक हसले. "एवड्या जवळ कोन देतं काय?" सावित्री म्हणाली, "मी देतंय. सांज झाली की माजी पोर मना दिसायला होवी." आणि खरोखरच रोज संध्याकाळी तुळसा माझ्यावरून धावत यायची, आईच्या चुलीपाशी घटकाभर बसायची आणि दिवेलागणीला परत जायची. तिचा नवरा मुंबईला गोदीत होता. सासूही मनानं मोकळी होती.

आता घरपट्टीचं भांडण सांगतो, कारण त्यातूनच पुढचं सगळं झालं. खालच्या वाडीचं म्हणणं, आधी साकव पक्का करा, मग घरपट्टी मागा. सरपंच महिपतचं म्हणणं, आधी घरपट्टी भरा, मग साकवाचं बघू. दोघेही आपापल्या जागी घट्ट. अर्धी घरं तर मुंबईला गेलेल्यांची, बारा महिने कुलपात. त्यांची पट्टी कुणाकडे मागायची? पंचायत पेटीत हात घालायची आणि हात रिकामा बाहेर काढायची. अशी कितीतरी वर्षं गेली.

मग एकदा आमचे खासदार आले. हरिश्चंद्र त्यांचं नाव, पण सगळे हरिभाऊ म्हणायचे. निवडणूक नव्हती, काही नव्हतं, तरी आले, याचंच सगळ्यांना नवल. माझ्या मध्यावर आले आणि थांबले. खाली पाणी, पायाखाली हलणारा बांबू. हरिभाऊंचा चेहरा पांढरा पडला. पुढे जाववेना, मागे फिरवेना. महिपत या टोकाला नुसता "सावकाश, साहेब, सावकाश" करत राहिला. तेवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेऊन सावित्री पलीकडून आली. भारा तिथंच टाकून तिनं त्यांचा हात धरला.

"पान्याकडं बगू नका, भाऊ. माज्याकडं बगा. या."

अलीकडच्या ओट्यावर बसून हरिभाऊंनी घाम पुसला आणि विचारलं, "तुमच्या वाडीनं घरपट्टी का थकवली, ताई?"

सावित्री म्हणाली, "घराची पट्टी मागतात, पर घरातनं निगायला वाट कुटं हाय? वाट द्या, आमी पट्टी देताव."

हरिभाऊ उठले आणि वाटेला लागले. पण ऐकलेलं विसरणारा माणूस नव्हता तो. चैत्रात लोकसभेत ग्रामीण विकासावर चर्चा झाली तेव्हा ते उभे राहिले. बोलायला थोडाच वेळ मिळाला, पण त्यात त्यांनी आमच्या गावचा साकव आणला. म्हणाले, "अध्यक्ष महोदय, माझ्या मतदारसंघातली एक बाई विचारते, घराची पट्टी मागता, पण घरातून निघायला वाट कुठे आहे?" गाव जेवढी घरपट्टी गोळा करील तेवढीच भर सरकारनं घालावी आणि तो पैसा आधी वाटेला, साकवाला लागावा, अशी त्यांची मागणी. मंत्री म्हणाले, घरपट्टी हा राज्यांचा विषय आहे, पण भावना पोचली.

हे आम्हाला कळलं मे महिन्यात. तुळसाचा नवरा मुंबईहून वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आला. महिपतनं ते माझ्यावर उभं राहून, दोन्ही वाड्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचलं. काय सांगू मित्रांनो! माडाच्या चार ओंडक्यांचं नाव दिल्लीत निघालं. सावित्री पदर तोंडाला लावून हसत होती. बायका तिला ढोसत होत्या, "काय गो, दिल्लीला जाऊन आलंस की!" त्या आठवड्यात खालच्या वाडीनं झाडून सगळी घरपट्टी भरली. बंद घरांचीसुद्धा भावकीनं भरली.

आणि रोहिणी लागल्या तेव्हा मला बांधायला कुणी आलं नाही.

एकटा धाकू काथ्याचं भेंडोळं घेऊन आला. म्हणाला, "बांदून ठेवूया. पक्का झाला तर सोडू, त्याला काय?"

महिपत त्याच्यावर हसला. "पक्का व्हनार तर चांगलं माड कशाला पाडतोस? आनि आयक, वरनं सायब बगायला येनार. त्याला साकव असा धडधाकट दिसला तर तो म्हनंल, ह्यांचं बरं चाललंय की. जरा मोडकळीला आल्यालाच बरा."

लोकांना हे पटलं. धाकूनं सावित्रीकडे पाहिलं, कारण तिचा शब्द दोन्ही वाड्यांत चालायचा. तिनं म्हटलं असतं तर चार माणसं जमली असती. पण तिच्याही कानात अजून ते कात्रण वाजत होतं. "व्हईल की पक्का," ती म्हणाली. "दिल्लीत बोलल्यात ते."

तुळसाला तेव्हा दिवस गेले होते. पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पुढची सासरी, अशी इकडची रीत आहे. सावित्रीनं आतली खोली सारवून घेतली, बाज कसून घेतली, अळीव आणून ठेवले. सातव्या महिन्यात न्यायचं ठरलं, तर सगुणाच्या मनात आलं, "सडल्याल्या ओंडक्यांवरनं पोटुशी पोर कशाला न्यायची? नवा साकव व्हवंदे, वाजतगाजत नेवा." सावित्रीलाही ते गोड वाटलं. तिच्या शब्दानं झालेल्या साकवावरून तिची लेक पहिल्यांदा माहेरी येणार! रोज संध्याकाळी पलीकडे जाऊन लेकीला बघून यायची ती. आणखी थोडे दिवस, असं म्हणायची.

कुणी साहेब आला नाही. कुणी खडी टाकली नाही. आषाढात डोंगरावर दिवसभर पाऊस कोसळला, पऱ्या तांबडा होऊन आला आणि माझी खोडं एकेक करून सुटली. तीन वाहून गेली. चौथं या काठाच्या चिऱ्यांत अडकून अर्धं लोंबकळत राहिलं. त्या एका खोडाच्या जिवावर मी पुढचं सगळं पाहिलं. नसतं पाहिलं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तुळसा पलीकडच्या ओट्यावर आली. तिच्या हातात लुगड्यांची पिशवी भरून तयार होती. या काठाला सावित्री. मध्ये पाणी. फेऱ्यानं जायचं तर पुढच्या गावच्या साकवावरून जावं लागे. आमच्या गावाला पक्का मिळतोय तर आपल्यालाही मिळेल, म्हणून त्यांनीही आपला साकव बांधला नव्हता. सावित्री तिथवर चालत गेली, पाणी बघितलं आणि गुडघा सुजवून परत आली.

मग ती रोज येऊन बसायची. इरलं पांघरून, माझ्या लोंबत्या खोडाशेजारी. पलीकडे तुळसा यायची. पाण्याच्या आवाजात तिचं बारीक बोलणं पोचायचं नाही, म्हणून दोघी नुसत्या बसायच्या. सावित्री मला एवढी जवळ असायची की हात पुरला असता तर मी तिच्या पाठीवर ठेवला असता. पुढे पुढे तुळसाला चालवेना, तिचं येणं थांबलं. सावित्रीचं थांबलं नाही. ती रिकाम्या ओट्याकडे बघत बसायची.

श्रावणात एका सकाळी सगुणा धावत ओट्यावर आली. तिचा आवाज म्हणजे देवळातली घंटा.

"सावित्रीबाय! पोरगी झाली गो! दोगी खुशाल हायत!"

सावित्री उठली ती पाण्याच्या कडेलाच गेली. धाकूनं तिला मागून धरलं.

"नाक कुनाचं घेतलान?" ती ओरडली.

"तुमचंच! नकटं!"

सगळे हसले. सावित्रीही हसली आणि हसता हसता खाली बसून ढसाढसा रडली. बारशाच्या दिवशी नटूनथटून ती याच काठाला येऊन बसली. पलीकडे पाळण्याची गाणी चालली असतील, इकडे काही ऐकू येत नव्हतं. नाव गंगा ठेवल्याचं सगुणानं ओरडून सांगितलं. त्याआधी सावित्री आपल्याशीच हळूच म्हणाली होती, "गोदा." ते फक्त मी ऐकलं.

तुळसानं बाळ उचलून दाखवलं. एवढ्या लांबून कापडाचं गाठोडं दिसत होतं. सावित्री हात पुढे करून उभी राहिली आणि बराच वेळ तिनं हात खाली घेतले नाहीत. अळिवाचे लाडू तिनं केले होते, ते शेवटी शेजारच्या पोरांनी संपवले.

नवरात्रात पाणी उतरलं. दोन्ही वाड्यांतून घरटी एक माणूस आला, माना खाली घालून. महिपतनं आपल्या दारचा माड दिला. कुणी कुणाला दोष दिला नाही, धाकू मात्र प्रत्येक गाठीवर पुटपुटत होता. शेवटची गाठ पडायच्या आधीच सावित्री माझ्यावर चढली. "अगो थांब, बांबू सुटा हाय!" तो ओरडला. ती थांबली नाही. पलीकडे तुळसानं बाळ तिच्या हातात दिलं. गंगानं त्या अनोळखी तोंडाकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. सावित्री म्हणाली, "रड गो बाय, रड. तुजं बरोबर हाय."

थंडीत हरिभाऊ पुन्हा आले. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मोठ्या कौतुकानं म्हणाले, "ताई, तुमचं वाक्य सभागृहात सांगितलं बरं मी!" धाकूनं सरळ विचारलं, "मग पक्का कवा व्हतोय?" तेव्हा ते गोंधळले. "मंजूर झालाय असं मी कुठं म्हणालो? मागणी केली आहे. पुन्हा करीन." महिपत आपल्या चपलांकडे बघत राहिला. मग हरिभाऊंना सगळं कळलं. माझा कठडा धरून ते पलीकडच्या ओट्याकडे बघत राहिले.

सावित्रीनं त्यांना पाणी आणि गूळ दिला. म्हणाली, "तुमी बोलायचं सोडू नका, भाऊ. तुमी नाय बोललात तर आमचं तितं कोन सांगनार? बांदायचं आमी सोडलं. त्ये आमचं चुकलं."

हरिभाऊ बोलत राहिले. पुढच्या वर्षी बोलले, त्याच्या पुढच्याही. घरपट्टी, गावाचा हक्क, वाटा. पक्का साकव अजून आलेला नाही. तुळसा आता गंगाला काखेत घेऊन संध्याकाळची माझ्यावरून येते, सगळे हसतात, खेळतात. पण तुळसाची पुढची बाळंतपणं सासरी व्हायची. सारवलेली ती आतली खोली आता कधीच वापरली जाणार नाही. सावित्री तिचं दार लावूनच ठेवते.

मित्रांनो, पक्का साकव यावा असं मलाही फार वाटतं. भर आषाढात त्याच्या सिमेंटवरून एखादी पोटुशी पोर आईकडे चालत जाईल. ते बघायला मी नसेन, माझे ओंडके कुणाच्या चुलीत गेलेले असतील आणि त्याचं मला दुःख नाही. तुमच्यासाठी दूर कुठं कुणी बोलत असेल तर त्याला बोलू द्या, त्याला बळ द्या, तुमच्या वाटची पट्टी भरा. पण तो येईपर्यंत मला बांधायचं सोडू नका. रोहिणी लागल्या की काथ्या घेऊन या. माझ्या दोन्ही टोकांना कुणी ना कुणी पिशवी भरून निघायच्या तयारीत उभं असतं.