चिनारावरच्या सासू-सुना

दोघींचं पटत नव्हतं असं कुणी म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. पटायची किंवा न पटायची वेळच कधी आली नव्हती. सासू उजाडायच्या आत दोर, करवती आणि चहाचा थर्मास गाडीत टाकून निघायची. सून उशिरा उठून आपलं दुकान उघडायची आणि दिवे लागेपर्यंत लोकांचे केस कापायची. संध्याकाळी जेवताना एकीचा मुलगा आणि दुसरीचा नवरा असलेला तो एकच माणूस मधल्या खुर्चीत बसायचा आणि दोघींच्या वतीने बोलून टाकायचा. "आईला भाजी आवडली," तो बायकोला सांगायचा. "हिला तुझे बूट दारात नकोयत," असं आईला. लग्न होऊन बरेच दिवस झाले तरी हा कारभार असाच चालू होता आणि त्यात कुणाचं काही अडत नव्हतं.

सासूचा धंदा झाडांवर चढायचा. वाळकं लाकूड काढायचं, घरावर झुकलेल्या फांद्या उतरवायच्या, तारांत शिरलेले शेंडे छाटायचे. साठी जवळ आली होती, गुडघे कुरकुरत होते, पण बुंध्याशी उभी राहून वर बघायला लागली की तिच्या चेहऱ्यावर खाऊच्या दुकानाबाहेर उभ्या असलेल्या पोरीसारखं हसू यायचं. लोक तिला खारूताई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. मुलगा खाली राहून दोर सांभाळायचा. सून मात्र या सगळ्यापासून चार हात लांब. स्टुलावर चढून बल्ब बदलायचा म्हटलं तरी ती नवऱ्याला हाक मारायची.

त्या हिवाळ्यात एका रात्री पाऊस पडला आणि पडता पडता गोठला. सकाळी बघतात तर सगळं गाव काचेचं झालेलं. तारा काचेच्या, कुंपणं काचेची, झाडांच्या काड्या न् काड्या काचेत बंद. ही शोभा बघायला म्हणून मुलगा कचऱ्याची पिशवी घेऊन दार उघडून बाहेर गेला आणि दुसऱ्याच पायरीवर त्याचे दोन्ही पाय आभाळाकडे गेले. गळ्याजवळचं हाड मोडलं. शेजारच्या डॉक्टरांनी हात झोळीत बांधला आणि चहाच्या कपापेक्षा जड काही उचलायचं नाही असं बजावलं.

तेवढ्यात वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापिकेचा फोन आला. आश्रमात राहणाऱ्या एका आजीचं आणि एका आजोबांचं त्या दिवशी लग्न होतं. आजी जन्मभर पोरांना पोहायला शिकवत आलेल्या, आजोबा एके काळचे शिंपी. दुपारच्या आत दोघांना नोंदणी कार्यालयात पोचायचं होतं, आणि दारासमोरच्या जुन्या चिनाराची एक मोठी फांदी बर्फाच्या ओझ्याने मोडून बरोबर पायऱ्यांच्या डोक्यावर लटकत होती. मागचा उतार आरशासारखा गुळगुळीत झालेला, तिकडून कुणाला नेणं शक्य नाही. पुढून न्यायचं तर फांदी कधी खाली येईल सांगता येत नाही.

सून तर तिथे जाणारच होती. नवरीचे केस तीच करणार होती. सोफ्यावर आडव्या पडलेल्या नवऱ्याने आईकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि दोघींच्या वतीने शेवटचं बोलून टाकलं, की तुम्ही दोघी जा, दोर ही धरेल.

गाडीत एका बाजूला दोर आणि करवती, दुसऱ्या बाजूला रोलर, पिना आणि ड्रायरची पेटी. मध्ये बोलणारं कुणी नाही. गल्लीतली पांढऱ्या सालीच्या बर्चची कोवळी झाडं पार कमरेत वाकून शेंड्यांनी रस्ता झाडत होती. सुनेला राहवलं नाही. ही मेली का, असं तिने विचारलं.

"छे, वाकली म्हणून तर वाचली," सासू म्हणाली. "बर्फ उतरला की आपापली उठतील. कुणी काठीने बर्फ झोडायला गेलं तर मात्र मोडतील."

आणि मग ती आश्रम येईपर्यंत बोलायची थांबलीच नाही. गोठलेलं लाकूड वाकत नाही आणि तुटताना आधी सांगतही नाही, म्हणून हिवाळ्यात प्रत्येक फांदीला टकटक करून विचारावं लागतं. दोन फांद्यांमधली बेचकी अरुंद असेल तर तिथे पाणी शिरतं, गोठतं, फुगतं आणि झाड तिथेच उलतं. कडाक्याच्या थंडीत काही झाडं बंदुकीसारखा आवाज करून तडकतात आणि उन्हाळ्यात ती जखम ओठ मिटल्यासारखी मिटवून टाकतात. सून ऐकत राहिली. या बाईला इतकं बोलता येतं याचंच तिला नवल वाटत होतं.

आश्रमाच्या खिडक्या-खिडक्यांत लोकरी टोप्या दाटल्या होत्या. सुनेने मागच्या उतारावरून रांगत आत शिरून, वर जाऊन नवरीचे केस धुतले, डोकंभर रोलर लावले आणि आता जरा बसा म्हणून सांगून खाली आली. सासूने तोवर पिशवीतलं वजन दोरीला बांधून नेम धरला होता. दोरी जाड बेचकीतून पलीकडे पडली, मागोमाग दोर गेला, कमरेचा पट्टा आवळून सासू लोंबकळली आणि बघता बघता गुडघ्यांची कुरकुर खाली विसरून वर निघाली. जाता जाता ती करवतीच्या मुठीने फांद्यांना ठोकत होती. एका फांदीचा आवाज तिला आवडला नाही, तिला वळसा घातला.

सुनेच्या हातात दुसरा दोर होता. त्याचं एक टोक वर, मोडक्या फांदीला बांधलेलं. मधला भाग बुंध्याभोवती गुंडाळलेला. सासूने निघण्यापूर्वी समजावलं होतं, की वजन झाड पेलतं, तू फक्त किती सरकायचं ते ठरवायचंस. तरी सुनेने दोर दोन्ही मुठींत गच्च धरला होता. करवत चालली, सालीचा शेवटचा पट्टा तुटला, फांदी अख्ख्या अंगाने हिसकली आणि दोर तिच्या हातमोज्यांतून पळायला लागला.

एखादी बाई लांबसडक ओले केस घेऊन समोर बसते तेव्हा कंगवा किती ओढायचा आणि कुठे सोडायचा हे हाताला आपोआप कळतं. तसंच झालं. सुनेने दोर आवळला, फांदी थांबली. सोडला, खाली आली. पुन्हा आवळला. पायऱ्यांना बाजूला ठेवून, बर्फाचे लोलक खुळखुळवत ती भली मोठी फांदी गवतावर अशी टेकली की जणू कुणी पाळण्यात मूल ठेवलं. वरच्या खिडक्यांत टाळ्या सुरू झाल्या. नवरीने रोलरसकट डोकं बाहेर काढून शिट्टी फुंकली. तरण तलावावरची शिट्टी तिने अजून गळ्यात ठेवली होती.

सुनेला आपण हसतोय हे जरा उशिराच कळलं. वर सासूही हसत होती. पण ती खाली येईना.

झालं होतं असं, की ऊन पडल्यावर फांद्यांवरचं पाणी ठिबकून तिचा दोर भिजला होता, आणि मग ढग येऊन वारा सुटला तेव्हा ज्या गाठीवर तिचा सगळा भार होता ती गाठच गोठली. दगड झाली. ती ना वर सरके, ना खाली. सासू दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर पिकल्या फळासारखी लटकत होती. तिने गाठीवर फुंकर मारून पाहिली, मुठीत धरून पाहिली, शेवटी चावूनही पाहिली, आणि मग तिला हसूच फुटलं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं म्हणे.

व्यवस्थापिका अग्निशमनवाल्यांना फोन लावत होती. गाव असं गोठलेलं, त्यांचा फोन लागेना. व्हॅन दारात आली होती. नवरदेव कोट घालून पायरीवर उभे होते. नवरीने निरोप पाठवला, की माझ्या लग्नाची वाट मोकळी करायला आलेली बाई झाडाला टांगून मी जाणार नाही.

सून झाडाकडे बघत उभी राहिली. मग वळली आणि जिन्याकडे पळाली. नवरीच्या खोलीत ड्रायर तिची वाट बघत होता.

"तुमचे केस ओलेच राहतील थोडा वेळ," ती म्हणाली.

"पोरी, मी पन्नास वर्षं ओल्या केसांनी हिंडले," नवरी म्हणाली. "पळ."

आश्रमातली सगळ्यात लांब वायर निघाली. ड्रायर जिथे तिला जोडला तो सांधा सुनेने केस रंगवताना घालायच्या प्लास्टिकच्या टोपीत गुंडाळून घट्ट बांधला. आजोबांनी प्लगपाशी खुर्ची टाकली, एकदा जरी ओरडलीस तरी प्लग उपटतो असं सुनेला म्हणाले, आणि शिलाई मशीनवर बसल्यासारखे पाठ ताठ करून बसले. सासूने वरून बारीक दोरी सोडली. सुनेने ड्रायर त्या दोरीला बांधला आणि तो गुलाबी ड्रायर मागे वायरचं शेपूट हलवत, बर्फाच्या झुंबरांमधून डुलत डुलत वर गेला. खिडक्यांतून कुणीतरी त्याला निरोपाचा हात केला.

मग वरून सूं सूं आवाज यायला लागला.

"जवळ नका धरू, दोर जळेल," सुनेने खालून सांगितलं. "आणि एका जागी नको. फिरवत राहा. टाळू भाजते तसं होतं."

सासू निमूटपणे फिरवत राहिली. गाठीतून थेंब गळायला लागले, मग वाफ निघाली, मग गाठ एकदम ढिली पडून सासू वीतभर खाली घसरली आणि सगळ्या टोप्यांनी एकदम श्वास घेतला. गाठ पुन्हा सरकायला लागली होती. व्यवस्थापिकेचा जीव भांड्यात पडला.

ड्रायर खाली आला, नवरीच्या खोलीत गेला, तिचे केस वाळले. फुगले जरा जास्तच, पण तिला ते आवडले. व्हॅन भरली. ज्यांना जागा मिळाली ते आत बसले, मिळाली नाही ते दारापर्यंत येऊन परत गेले, आणि मंडळी निघाली.

अंगण शांत झालं. सून वायर गुंडाळत होती. सासू अजून झाडावरच, जाड फांदीवर पाय सोडून बसलेली. खालून कोरडा दोर ओढून घेऊन तिने ओला बदलला होता. वर आणखी काही मोडलंय का ते तपासायचं होतं, तेही झालं होतं. तरी बसलेली.

"वर ये," ती म्हणाली.

सुनेने सांगितलं की तिला दुकान उघडायचंय. आज कोण येतंय, सासू म्हणाली. सुनेने सांगितलं की तिला स्टुलावरही भीती वाटते. सासू म्हणाली की स्टूल डगमगतं, त्याला मुळं नसतात. सुनेने एकदा बुंध्याच्या मुळांकडे बघितलं, आणि बघता बघता ती नवऱ्याचं हेल्मेट घालून त्याचा पट्टा कमरेला बांधत होती. सासूने वरून प्रत्येक बक्कल ओढून दाखवायला लावलं, मग कप्पीतून दोर घेतला आणि तिच्या प्रत्येक पावलाबरोबर तो आवळत गेली.

अर्ध्या वाटेत सुनेने डोळे मिटले. बुंध्याची साल गालाला लागली, गार आणि गुळगुळीत. सासू तिला उतर म्हणाली नाही, चढही म्हणाली नाही. तिने नुसतं सांगितलं की डाव्या हाताला एक फांदी आहे, ती चांगली आहे, मी तिला विचारलंय. सुनेने हात पुढे केला. फांदी होती.

ती सासूशेजारी बसली तेव्हा ढग सरकले. आणि सगळं झाड पेटलं. चिनाराची गोल फळं काड्यांना लटकून राहिली होती, प्रत्येकावर बर्फाची काच, आणि प्रत्येक काचेत एक-एक सूर्य. ऊब लागली तशा काचा सुटायला लागल्या. आधी एखादी, मग मूठभर, मग सगळीकडून किणकिण, खळखळ, जणू आभाळातल्या स्वयंपाकघरात कुणी कपबशांचं कपाट उलटं केलंय. एक तुकडा सुनेच्या हेल्मेटवर टणकन आपटला, दुसरा सासूच्या कॉलरमधून आत गेला आणि सासू फांदीवर बसल्या बसल्या नाचली. सून इतकी हसली की तिला उचकी लागली. उचकीने फांदी हलली, फांदी हलल्याने आणखी बर्फ पडला, त्यावर दोघी पुन्हा हसल्या. हसून हसून पोटं दुखायला लागली तरी थांबता येईना. थांबल्या की एकीने दुसरीकडे बघायचं, की परत तेच.

सुनेच्या खिशात फोन वाजला. नवरा विचारत होता, कुठे आहेस.

"वर," ती म्हणाली, आणि पुढे तिला बोलताच आलं नाही. सासूने फोन घेतला आणि सगळं ठीक आहे, तुझा कप तूच विसळ, असं सांगून ठेवून दिला.

व्हॅन परत आली तेव्हाही त्या वरच होत्या. नवरी काठी टेकत उतरली, नवऱ्याचा हात धरला आणि मान मागे टाकून झाडाकडे बघत राहिली. या झाडाखाली ती रोज बसायची, पण आता वर चढायचं वय राहिलं नव्हतं.

"काय काय दिसतंय गं तिथून?" तिने विचारलं.

मग सुनेने सांगायला सुरुवात केली. छपरं दिसतायत, सगळी चमकतायत. एका गच्चीवर एक माणूस बर्फ खरवडतोय, दमून पुन्हा तिथेच बसतोय. नदीवर वाफ आहे. शाळेच्या मैदानात पोरं पोटावर घसरतायत आणि शिक्षकही घसरतायत. बर्चची झाडं उठायला लागलीयत, आत्ता एक उठलं, त्याने पाठीवरचा बर्फ झटकला. नवरी ऐकत होती, नवरदेव ऐकत होते, व्यवस्थापिका हातातली यादी विसरून ऐकत होती. जेवण गार होतंय असं आतून कुणीतरी दोनदा सांगून गेलं.

खाली उतरल्यावर सून सरळ बर्फात बसली. पुन्हा असला वेडेपणा करणार नाही, असं तिने सासूला बजावलं. सासूने मान डोलावली आणि तो पट्टा तिच्या मापाने आवळून ठेवला.

पुढच्या आठवड्यात तिने एक दिवस दुकानाला कुलूप लावलं आणि दोघी एका जुन्या अक्रोडावर गेल्या. हाड जुळेपर्यंत नुसते हुकूम सोडायचे या अटीवर नवरा खाली उभा होता. सून निम्म्यात पोचली आणि पायाखालची ढलपी सुटली. दोराने तिला तिथल्या तिथे धरलं, पण भीतीने तिच्या तोंडून निघालंच, "आई गं."

"आले," वरून सासू म्हणाली, आणि खरंच एक फांदी खाली उतरली.