सव्वा मूठ गहू

जिवाणूंना सुट्टी नसते. भेस्तानच्या आमच्या पाणी शुद्धीकरण केंद्रात मी, दगा नावाचा माणूस, त्यांचा राखणदार. डाइंगच्या कारखान्यांचं रंगीत पाणी येतं, टाकीतले जिवाणू त्यातली घाण खातात, मग बारीक जाळ्यांतून आणि कोळशातून गाळून ते पाणी आम्ही वस्तीमागच्या तळ्यात सोडतो. पूर्वी ते तळं कधी लाल, कधी निळं असायचं. आता तिथे बगळे उतरतात. बगळ्यांनी अजून माझे आभार मानलेले नाहीत, वस्तीनंही नाहीत.

माणसांपेक्षा जिवाणूंशीच माझं जास्त बोलणं होतं. बायको गेल्याला सहा वर्षं झाली. उरला एक थोरला भाऊ, भिकन, तळ्यापलीकडच्या चाळीत राहणारा. तोही माझ्यामुळेच तुटला.

झालं असं की होळीच्या सुमारास एका कारखान्यानं चोरून कच्चं, रसायनं न काढलेलं पाणी सोडलं. माझ्या टाकीतले जिवाणू एका दिवसात मेले, तळ्यात मासे उलटे तरंगले. मी नमुना भरला आणि तक्रार केली. कारखान्याला दोन महिने सील लागलं. मालकाच्या हुकमावरून झडप उघडणारा भिकन होता, हे मला मागाहून कळलं. आधी कळलं असतं तरी मी तक्रार केली असती, असं मी त्याला तोंडावर सांगितलं, आणि तेच त्याला जास्त लागलं. आपलेच दात, आपलेच ओठ. त्याची नोकरी गेली, आमचं बोलणं गेलं.

तरी श्रावणातल्या कानबाई देवीच्या सणावर माझी भिस्त होती. आम्हा खान्देशी लोकांत त्या रविवारी घरातल्या दर पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढतात आणि त्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करतात. ते घरच्यांनीच खायचे, परक्याला घास नाही. आई गेल्यापासून माझी मूठ भिकनच्या घरच्या गव्हात पडायची. यंदा पडली तर मी अजून त्याचा भाऊ, नाही तर परका. इतकं ते सरळ होतं.

रविवारी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून मी फोनसमोर बसलो. एक वाजला, चार वाजले. मीही काही कमी आडमुठा नाही. बोलावल्याशिवाय कोण जातो? संध्याकाळी खिचडी टाकली. दोन घास खाऊन ताट झाकून ठेवलं, खोटं कशाला बोलू.

सोमवारी सकाळी ड्यूटीवर होतो. दरवर्षी कानबाईचं विसर्जन तापीवर व्हायचं. यंदा पाणी स्वच्छ झालं म्हणून वस्ती वाजतगाजत आमच्या तळ्यावर आली. भिकन डोक्यावर कानबाई घेऊन कुंपणाजवळून गेला, पण त्याची मान वळली नाही. मागून येणारी त्याची बायको, सरलावहिनी, जाळीपाशी थांबली आणि काल का आला नाहीत म्हणून विचारू लागली.

“काल काबरं ऊनात नही, भाऊ?”

“माले कोनी बलावं?”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “घरना माणूसले आवतन देतस का कोनी? तुमनी मूठ टाकेल व्हती. त्यासनी सोताना हातवरी टाकी. रातना दहा वाजालगून तुमनी वाट दखी, तठलोंग जेवनात नही.”

म्हणजे भिकननं स्वतःच्या हातानं माझी मूठ टाकली होती आणि रात्री दहापर्यंत तो माझ्यासाठी जेवायचा थांबला होता. “मंग मना रोट?”

“परकाले देता येस का? त्यासनीच खादा. रडत खादा.” तिनं पदर सारखा केला. “आते म्हनतस, पुढला साल त्यानी मूठ काढू नका.”

म्हणजे पुढच्या वर्षी भिकन माझी मूठ काढू देणार नव्हता. आवतण परक्याला असतं, घरच्याला नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसाला हे सांगावं लागावं? मला माझीच लाज वाटली.

वहिनी गेली. भिकन गुडघाभर पाण्यात उभा होता. त्यानं ओंजळ भरून पाणी नाकाशी नेलं, हुंगलं, मग डोळ्यांना लावलं. फाटक माझ्यापासून दहा पावलांवर होतं, किल्ली माझ्याच खिशात होती. एकदा दादा म्हटलं असतं तर पुरे होतं. मी जाळीला धरून उभाच राहिलो, तो हाक मारेल म्हणून.