दुकान उघडलं का?

मूळव्याधीचं ऑपरेशन तसं किरकोळच. सकाळी गेलो, संध्याकाळी घरी आलो. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या, कोमट पाण्याच्या टबात बसा, पोट साफ ठेवा. शेवटचं तेवढं जमेना. दुखेल, रक्त येईल, या भीतीने मी जेवणच कमी केलं. मुलगी माझ्यासाठी येऊन राहिली होती. रोज दुसरीकडे बघत विचारायची, बाबा, झालं का? मी म्हणायचो, झालं.

ही असती तर खोटं पचलं नसतं. माझं पुस्तकबांधणीचं दुकान. बैठं काम, त्यामुळे त्रास जुनाच. चारचौघांत विचारायचं तर ही म्हणायची, "दुकान उघडलं का?" पाहुण्यांना वाटायचं, बाईचं धंद्याकडे किती लक्ष. हिला जाऊन आठ महिने झाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी गोळीने डोळे जड झाले. कुशीवर पडलो होतो. पडद्यातला उजेड भिंतीवर पाण्यासारखा हलत होता आणि खाट हळूहळू कुठेतरी वाहत चालली होती. पायाशी ही बसली होती, चादरीचं टोक सारखं करत. मला बरं वाटत होतं. तेवढ्यात कानावर आलं, "दुकान उघडलं का?"

डोळे मिटूनच मी म्हणालो, "नाही गं. तीन दिवस झाले. फार भीती वाटते."

डोळे उघडले तर पायाशी कोणी नव्हतं. दारात मुलगी उभी, कानाला फोन. पलीकडे गिऱ्हाईक होतं, त्याचाच प्रश्न तिने मोठ्याने परत म्हटला होता. आठवडाभर बंद आहे, असं सांगून तिने फोन ठेवला.

"कसली भीती, बाबा?"

सगळं सांगावं लागलं, दुकानाचा अर्थसुद्धा. ती आधी हसली, मग तोंड फिरवून तिने डोळे पुसले. लगेच डॉक्टरांना फोन लावला आणि काही आडपडदा न ठेवता बोलली. औषधाची पावडर पाण्यात कालवून दिली. पोटात गुडगुडायला लागल्यावर न्हाणीघराबाहेर खुर्ची टाकून बसली, आतून कडी लावू नका म्हणाली, आणि तिच्या ऑफिसातल्या भांडणांच्या गोष्टी सांगत राहिली. साहेब कोण, कारकून कोण, मला काही कळलं नाही. दुखलं, पण वाटलं होतं तेवढं नाही.

बाहेर आलो. तिने या वेळी सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "रक्त?"

"थेंबभर," मी म्हणालो. मग म्हणालो, "नाही. चमचाभर असेल."