मुकी पेटी

"आतलं काही नको मला," मारेनबाई म्हणाली. "नुसती पेटी द्या. वर पितळी मेणबत्तीदाण्या, पुढे सोनेरी अक्षरांत तुमचं नाव. आत मी चादरी ठेवीन."

आमचे हे, सिवर्ट, तोंड उघडं टाकून बघत राहिले. तीस वर्षं पियानो-हार्मोनियम बनवले, पण असलं गिऱ्हाईक पहिलंच.

"अहो बाई, तारांशिवाय पियानो?"

"वाजवतंय कोण आमच्याकडे? पाद्र्याच्या बायकोकडे आहे ना, मग आमच्याकडेही दिसायला हवा."

हिवाळा तोंडावर होता. दोन वर्षांत प्रार्थनाघरांची चार हार्मोनियम सोडली तर दुकानातून काही हललं नव्हतं. मी मागून यांचा कोट ओढला. हे "बरं" म्हणाले.

तीन महिन्यांनी पेटी होडीतून फ्योर्डच्या अरुंद खाडीपलीकडे मारेनबाईच्या घरी नेली. आठ गडी चढण चढताना शिव्या घालत होते. "चादरी काय दगडाच्या आहेत?" एकाने विचारलं. दिवाणखान्यात पेटी टेकली आणि आतून भलामोठा झंकार उठला. मी कपाळाला हात लावला. या माणसाने सगळं आत बसवलं होतं!

"हे काय?" मारेनबाई दचकली.

"पियानो. पैसे पेटीचेच द्या."

"काढा ते आतडं!"

"काढतो. पण मग नावही काढीन. मुक्या पेटीवर माझं नाव नको."

"अहो, नावासाठीच तर घेतेय!"

"मग वाजू दे की."

मारेनबाई खाली बसली. हळूच म्हणाली, "वाजणारा असला की पाहुणे म्हणणार, वाजवून दाखव. मला नाही हो येत. चारचौघांत शोभा होईल."

यांना तिची दया आली, मला दिसलं ते. पण अडून बसले. शेवटी तिने चादरीच निवडल्या. यांनी तारांची चौकट बाहेर काढली, मग चाकूने सोनेरी अक्षरं एकेक करून खरवडली. मला रडूच आलं. वर रागही आला. नाव गेलं म्हणून बाईने पैसेही कापले.

होडीत मी यांना काय काय बोलले ते सांगत नाही. हे चौकट घट्ट धरून बसले होते.

आता ती चौकट आमच्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी आहे. निम्मी जागा तिनेच खाल्ली. दार जोरात लागलं की सगळ्या तारा एकदम गुणगुणतात, आणि हे हातातलं काम थांबवून ऐकतात.

सुरुवातीला मी दार हळू लावायचे. आता आपटते.