अर्ध्या फुलाची सुई

मी एक जुनी सुई आहे, मित्रांनो. कापड शिवणारी नाही, कातडी टोचणारी. स्वातंत्र्य आलं त्या साली नंदाबाई गोंदणारणीनं गोंदियाच्या बाजारातून तीन सुया घेतल्या, टोकं जुळवून दोऱ्यानं करकचून बांधल्या आणि आम्हा तिघींची मी एक झाले. तंबाखूची पत्र्याची डबी हे माझं घर.

मोहाच्या बियांच्या तेलाचा दिवा लावायचा, त्यावर खापर पालथं घालायचं, खापराला धरलेल्या काजळीत मला बुडवायचं आणि टोचायचं. वरून हळद आणि तेल. सालेकशाकडच्या बाया म्हणत, मेल्यावर अंगावरचं सोनं-चांदी पोरं उतरवून घेतात, गोंदण तेवढं सोबत येतं. माझी वाहवा खूप झाली. ज्यांचं रक्त निघालं त्यांना मात्र कोणी काही विचारलं नाही.

दोन वर्षांनी धान पिकवणाऱ्या केवळरामच्या अंगणात आम्ही बसलो होतो. त्याच्या दोन पोरी, थोरली प्रेमिला आणि धाकटी रुख्मा. आई दोघींना आठवतही नव्हती. रुख्माला हातावर दोन मोर हवे होते आणि मध्ये एक फूल. एक मोर झाला, अर्धं फूल झालं आणि तिनं भोकाड पसरलं.

प्रेमिलानं आपला हात पुढं केला. "राह्यलेलं माझ्यावर काढ, मावशी. अर्धं दुखनं माझं."

नंदाबाई हसली आणि तिनं तसंच काढलं. दोघी बहिणी हाताला हात लावून बसल्या की फूल पुरं व्हायचं.

आणखी दोन वर्षांनी गावात हैजा आला, पटकीची साथ. सकाळी रुख्मा अंगण झाडत होती, दिवस मावळायच्या आत गेली. गाव दारं लावून बसलं. केवळरामनं एकट्यानं तिला धुतलं, एकट्यानं नेलं.

तीन वर्षं गेली. देवरीकडून प्रेमिलाला स्थळ आलं. मुलाची आई सुशिलाबाई कुंकू लावायला म्हणून आली, पोरीचा हात हातात घेतला आणि कुंकवाचा करंडा बाजूला सारला.

"अर्धं फूल? अशी बाई घरात आली का घरबी अर्धंच राह्यते. आत्ताच्या आत्ता पुरं करा, मंगच कुंकू."

नंदाबाईला बोलावणं गेलं. तिनं मला काजळीत बुडवलं. प्रेमिलानं हात मागे ओढला.

"लगनाले माझी ना नाही. पन फुलाले हात लावू नोका."

"काऊन?" सुशिलाबाईनं विचारलं.

"बाकीचं रुख्माजवळ हाय. माझं पुरं झालं, तं वर गेल्यावर मले कायनं ओळखन ते?"

"मेलेल्यासंगं संसार करते का हे?" सुशिलाबाई केवळरामकडे वळली. "पोरगी तुमची हाय जी, का तुम्ही पोरीचे?"

हा टोमणा त्याला झोंबला. तो उठला, प्रेमिलाचं मनगट पकडलं आणि पाटावर दाबून धरलं. "कर वो नंदाबाई."

माझं टोक त्या फुलाच्या कडेला टेकलं. प्रेमिलाची शीर माझ्याखाली उडत होती. ती रडली नाही, ओरडली नाही. नंदाबाईकडे बघत राहिली फक्त.

नंदाबाईचा हात थांबला.

"कायले थांबली? हात थकला का भाव वाढला?" सुशिलाबाई म्हणाली.

"हात जिचा, होकार तिचा," नंदाबाई म्हणाली. "रडनाऱ्या पोरी गोंदल्या मी. नाही म्हननारी आजवर नाही गोंदली."

मित्रांनो, ती खोटं बोलत होती. नाही म्हणणाऱ्या कितीतरी पोरींना आम्ही टोचलं आहे. आया गुडघ्याखाली हात दाबून धरत, आत्या डोकं धरत आणि वर त्याला रीत म्हणत. कसली रीत? जोरजबरदस्तीच ती. मी लोखंडाची असून मला लाज वाटते, तर माणसांना का वाटू नये? नंदाबाईचा तो नियम त्याच घटकेला जन्मला होता.

"मंग देवरीकडच्या कोन्त्याच अंगनात तुही सुई बसनार नाही. ध्यानात ठेव," सुशिलाबाई म्हणाली.

नंदाबाईनं मला डबीत घातलं. पण केवळरामनं मनगट सोडलं नव्हतं. त्याचा अंगठा नेमका त्या फुलावर होता. तो ते फूल बघत बसला. मग अंगठ्यानं हळूच घासलं.

"हेच होतं," तो म्हणाला. "तिले धुतलं तवा भान नोतं मले, काजळ लागलं समजून घासत राह्यलो मी. निंगेच ना. कातडी लाल झाली पोरीची."

त्यानं हात सोडला. आपल्या दुपट्ट्यानं प्रेमिलाच्या हाताला लागलेली काजळी पुसली आणि सुशिलाबाईला म्हणाला, "बैलं जुपून देतो, बाई. ऊन व्हाच्या आंधी घरी पोचाल."

स्थळ मोडलं. सुशिलाबाई बोलली ते तिनं खरं केलं. नंदाबाईला बोलावणी येईनात. पुढं आमगावच्या मेळ्यात विजेवर चालणारं गोंदण्याचं यंत्र आलं आणि उरलीसुरली माणसं तिकडे गेली. मी डबीत गंजले. प्रेमिलाचं लग्न दोन वर्षांनी झालं, नवरा रेल्वेत गँगमन. त्यानं फुलाबद्दल एकदाच विचारलं आणि ऐकून घेतलं.

साठ साली नंदाबाई अंथरुणाला खिळली तेव्हा प्रेमिला भेटायला आली होती. म्हातारीला दिसत नव्हतं. तिनं चाचपडत तो हात शोधला, बोट फिरवलं. फूल अर्धंच होतं. "बरं झालं," ती म्हणाली आणि डबी प्रेमिलाच्या ओटीत घातली.

मित्रांनो, मला घासूनपुसून चकचकीत करा असं मी म्हणणार नाही. मी गंजलेलीच बरी. एवढंच करा, कोणाचं मनगट दाबून धरू नका. आणि कोणाच्या हातावर अर्धं गोंदण दिसलं, तर ते पुरं कधी करणार असं विचारू नका. उरलेलं कोणाजवळ आहे, ते विचारा.