मधात बुडवलेला सुळा

भगवंतकाकांना विहिरीच्या खोदकामात एक दात सापडला आणि आमच्या घरात आदिमानव मुक्कामाला आला.

काका म्हणजे माझे चुलत सासरे. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले, तेव्हापासून आमच्या वरवट बकाल गावात त्यांचं कोणी ऐकून घेत नव्हतं. दात रानडुकराचा होता, वाकडा, पिवळट. हे जुन्या लोकांचं हत्यार आहे, असं काकांनी जाहीर केलं. मका आडवा करते म्हणून ज्या जातीला ते उठता-बसता शिव्या घालतात, तिचा सुळा देव्हाऱ्याशेजारी वाटीत जाऊन बसला. माझ्या सासूबाई माळकरी. त्यांना काकांनी वराह अवताराची आठवण करून दिली. त्यांनी हात जोडले.

इथवर माझं काही म्हणणं नव्हतं. पण माझ्या तान्ह्या लेकीच्या, प्रेरणाच्या उष्टावणाला तो सुळा मधात बुडवून तिच्या हिरड्यांवर फिरवायचा, म्हणजे दात दणकट येतात, असं ठरलं. मी रोज उकळून देत होते ते तिचं चावायचं खेळणं सासूबाईंनी 'पिलास्टिक' म्हणून आधीच कपाटावर टाकलं होतं. मातीतल्या जंतूंचं मी माझ्या नवऱ्याला, गजेंद्रला सांगितलं, तर तो म्हणाला, काका शिकलेले आहेत. माझी सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी लग्नाच्या बायोडाट्यापुरतीच होती.

उष्टावणाला बायका जमल्या. काकांनी सुळा मधात बुडवला. मी प्रेरणाला घट्ट धरून अदबीनं म्हटलं, "काका, जुने लोक याच्यानं काय करत होते, ते सांगा ना सगळ्यायले."

कितीतरी दिवसांनी त्यांना कोणीतरी प्रश्न विचारला होता. काका फुलले. आधी जनावर सोलायचं, मग कातड्याला आतून चिकटलेलं मांस याच धारेनं खरवडायचं, हे त्यांनी हवेत करूनही दाखवलं.

"धारेवर अजून चमक आहे पहा, वहिनी."

सासूबाईंचा हात तुळशीच्या माळेवर गेला. "कशाची चमक, भाऊजी?"

"चरबीची," काका अभिमानानं म्हणाले.

मधाची वाटी उचलली गेली. सुळा गोठ्यात रवाना झाला. काका हिरमुसले; निदान बोटानं तरी मध चाटवतो म्हणाले. मी त्यांना साबणानं हात धुवायला लावले आणि प्रेरणाला पुढे केलं. सकाळीच तिच्या खालच्या हिरडीत माझ्या बोटाला काहीतरी टोचलं होतं. ते मी कोणाला सांगितलं नव्हतं.

काकांनी ताज्या मधाचं बोट तिच्या तोंडात घातलं. त्यांच्या तोंडून निघालेला आवाज थेट गुहेतला होता.

सासूबाईंनी वाकून पाहिलं.

"दात आला पोरीले," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "ते पिलास्टिक काढ कपाटावरचं. उकळून दे तिले."